एक माणूस, दोन नोंदी

इतिहास म्हटला की आम्हां मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम गडकोट उभे राहतात, मग लढाया, मग तहनामे. ते तहनामे ज्यांनी लिहिले, मोहिमेचा जमाखर्च ज्यांनी मांडला, किल्ल्यावर प्रत्यक्षात किती माणसे हजर आहेत ह्याची टिपणे ज्यांनी ठेवली, ती माणसे मात्र ह्या चित्रात सहसा दिसत नाहीत. वास्तविक त्यांचे हुद्दे आमच्या आडनावांतून आजही नांदत आहेत. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, दफ्तरदार, ही सारी लेखणीची आडनावे होत. आणि त्यांतील सबनिसाचे तर कामच मुळी हजिरी ठेवण्याचे. ज्याने हजिरी कधी ठेवली नाही त्यास ते काम सोपे वाटते. परंतु एकच शिपाई दोन पथकांत उभा राहून दोन पगार घेतो, एकच घोडे सकाळी एका सरदाराच्या नावावर व दुपारी दुसऱ्याच्या नावावर मोजले जाते, हा अनुभव सर्व राज्यांस आलेला आहे. अलाउद्दीन खिलजीने ह्याच दिल्लीत घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत घातली ती एवढ्यासाठीच. अकबराने सोळाव्या शतकात ती पुन्हा आणली. दुबार नोंद शोधून काढणे हा राज्यकारभाराचा असा पुरातन व्यवसाय आहे.

ह्या व्यवसायातील एक अगदी अलीकडचे प्रकरण वाचकांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे. ते घोड्यांचे नाही, रोग्यांचे आहे. आणि त्यात पगार लाटण्याचा नव्हे, तर लपण्याचा प्रश्न आहे. एच.आय.व्ही. ह्या विषाणूची लागण झालेल्या माणसांची गणना अमेरिकेने गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कशी केली, त्या गणनेत एकच माणूस दोनदा कसा येत गेला, आणि त्यास एकदाच मोजण्यासाठी तेथील दफ्तरदारांनी कोणकोणत्या युक्त्या योजल्या, ही ती कथा होय. आमचे स्वतःचे आयुष्य केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोंदवह्या आणि नस्त्या ह्यांच्या संगतीत चालले आहे. त्यामुळे ह्या कथेतील वैद्यकापेक्षा तिच्यातील कारकुनी आम्हांस अधिक कळते, हे आधीच सांगून टाकतो.

ह्या रोगाच्या इतिहासाचा पहिला कागद म्हणजे ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक पत्रकात छापलेली एक छोटी टीप. लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना एक दुर्मिळ प्रकारचा न्यूमोनिया झाला, एवढीच त्यातील हकीकत. १९८२ साली ह्या विकारास एड्स हे नाव मिळाले. पाच रोगी असतात तोवर मोजणीचा प्रश्न उद्भवत नाही. डॉक्टर त्यांस नावाने ओळखतात. रोगी हजारांनी झाले की ते कागदावरच ओळखावे लागतात. अमेरिकेत आरोग्य हा घटक राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्य आपापली नोंदवही ठेवते आणि तिची नक्कल, नाव वगळून, केंद्राकडे पाठविते. ही व्यवस्था कागदावर नेटकी दिसते. पण माणसे राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ज्याचे निदान झाले तो आईबापांकडे मरावयास म्हणून जॉर्जियात जातो, तेथील रुग्णालय त्यास नवा रोगी म्हणून लिहिते, आणि केंद्राच्या वहीत एका माणसाची दोन माणसे होतात. त्याच्या मृत्यूची नोंद मात्र दोहोंपैकी एकाच ओळीसमोर पडते. दुसरी ओळ तशीच जिवंत राहते. मेलेला मनुष्य वहीत जगत राहतो, त्याच्या औषधोपचाराची तरतूदही होत राहते.

केंद्राकडे नाव जात नाही, मग ही दोन माणसे एकच आहेत हे कळावे कसे? येथे एका जुन्या युक्तीचा उपयोग झाला. तिचे नाव साउंडेक्स. रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने १९१८ साली तिचे पेटंट घेतले होते. रोमन लिपीत एकच आडनाव माणसे दहा तऱ्हांनी लिहितात. तेव्हा स्पेलिंगावर न जाता उच्चारावर जावे, ही त्यामागील कल्पना. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरे गाळावयाची, उरलेल्या व्यंजनांचे सहा गट पाडून प्रत्येक गटास एकेक अंक द्यावयाचा, आणि तीन अंक झाले की थांबावयाचे. अंक कमी पडले तर शून्ये भरावयाची. असे प्रत्येक आडनावाचे चार खुणांचे एक बिरूद तयार होते.

ही युक्ती मोठ्या प्रमाणावर राबविली गेली ती रोगासाठी नव्हे, पेन्शनीसाठी. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. वृद्धांना निवृत्तिवेतन मिळावयाचे तर त्यांनी आपले वय सिद्ध केले पाहिजे. आणि त्यांतील कित्येकांचा जन्मदाखला कोठेच नव्हता. जुन्या खानेसुमारीच्या वह्यांत त्यांची नावे लहान मुले म्हणून लिहिलेली होती, परंतु लक्षावधी कुटुंबांत एक नाव शोधावे कसे? मंदीच्या त्या काळात सरकारी कामावर घेतलेल्या बेकार लोकांकडून १८८०, १९००, १९२० ह्या सालांच्या खानेसुमारींची साउंडेक्स पत्रे लिहवून घेण्यात आली. आपले वय ठरविण्यासाठी शाळेच्या दाखल्यामागे धावलेल्या आमच्या वाचकांस ह्यात परकेपण वाटणार नाही.

आता ह्या बिरुदाची परीक्षा आम्ही आपल्या नावांवर घेऊन पाहिली. रोमन स्पेलिंगाने पाटील हे आडनाव पी ३४० होते. गुजराती पटेलही पी ३४०. जाधव होतात जे ३१०, आणि उत्तरेकडील जाटवही जे ३१०. कुलकर्ण्यांनी शेवटी आय लिहिला काय किंवा वाय लिहिला काय, ते के ४२६ च राहतात. हा युक्तीचा विजय मानावा. परंतु वाघमारे घ्या. हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. बाप एका स्पेलिंगाने आणि लेक दुसऱ्या स्पेलिंगाने लिहितो अशीही घरे आम्हांस ठाऊक आहेत. आणि साउंडेक्समध्ये पहिले अक्षर बदलले की सारेच बिरूद बदलले. म्हणजे दोन अनोळखी माणसे एक होतात आणि एकच माणूस स्वतःस अनोळखी होतो, ही दोन्ही संकटे ह्या चार खुणांत शेजारी शेजारी बसलेली आहेत.

जुळणीच्या शास्त्राचा सारा इतिहास ह्या दोन संकटांमधून वाट काढण्याचाच आहे. ‘नोंदींची जुळणी’ हा शब्दप्रयोग १९४६ साली हॅलबर्ट डन ह्यांच्या लेखाने रूढ केला. डन हे अमेरिकेतील जन्ममृत्यूंच्या राष्ट्रीय कचेरीचे प्रमुख. प्रत्येक मनुष्य जन्मापासून मृत्यूपर्यंत आपल्या आयुष्याचे एक पुस्तक लिहीत असतो, त्याची पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात, आणि ती एकत्र बांधणे हे जुळणीचे काम, असे रूपक त्यांनी योजले होते. रूपक सुंदर आहे. मात्र आपले पुस्तक दुसऱ्याने बांधावे अशी इच्छा प्रत्येक मनुष्यास असतेच असे नाही, हा विचार त्या काळी फारसा कोणास शिवला नसावा.

त्यानंतर १९५९ साली कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हे काम संगणकाकडे दिले. न्यूकोम अनुवंशशास्त्रज्ञ, अणुशक्तीच्या संशोधनकेंद्रात काम करणारे. किरणोत्सर्गाचा परिणाम पुढच्या पिढ्यांवर काय होतो हे पाहावयाचे तर कुटुंबे जुळली पाहिजेत, म्हणून त्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाहनोंदी व जन्मनोंदी एकमेकींशी जुळवून पाहिल्या. त्यांतून निघालेली गोष्ट अशी की सर्व साम्यांची किंमत सारखी नसते. दोन कागदांवर ‘पाटील’ जुळले तर त्यात नवल ते काय. पण दोन कागदांवर एखादे विरळा आडनाव जुळले तर कान टवकारले पाहिजेत. दिल्लीतील कोणत्याही कचेरीचा हेडक्लार्क हे जाणतो. शर्मांच्या नस्तीत तो चार वेळा बापाचे नाव पाहील, आणि चिपळूणकरांची नस्ती डोळे मिटून उचलील. न्यूकोमांनी ह्या जाणतेपणास आकडे दिले. १९६९ मध्ये कॅनडाच्याच सांख्यिकी कचेरीतील इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर ह्यांनी त्यास गणिताची पक्की बैठक दिली. फेलेगी हे हंगेरीतून निर्वासित होऊन आलेले. नव्या देशात नव्याने आपली कागदपत्रे उभी करण्याचा अनुभव त्यांच्या गाठी असणारच.

त्यांच्या पद्धतीत प्रत्येक रकान्यास दोन प्रश्न विचारले जातात. माणूस खरोखर एकच असेल तर हा रकाना किती वेळा जुळेल? आणि माणसे निराळी असतील तर तो निव्वळ योगायोगाने किती वेळा जुळेल? ह्या दोहोंच्या प्रमाणावरून त्या रकान्याचे वजन ठरते. सर्व वजनांची बेरीज एका मर्यादेच्या वर गेली तर एकच माणूस, दुसऱ्या मर्यादेच्या खाली आली तर दोन. मधल्या पट्ट्यात जे पडेल त्याचा निर्णय गणित करीत नाही. ती प्रकरणे माणसाने स्वतः डोळ्यांनी पाहावयाची. ह्या मधल्या पट्ट्यातील कामास त्या शास्त्रात रूढ झालेल्या नावाचे मराठी करावयाचे तर ते ‘कारकुनी तपासणी’ असेच होईल. एवढे प्रगल्भ शास्त्र, आणि त्याच्या ऐन मध्यभागी कारकुनाची खुर्ची मांडून ठेवलेली! आमच्या व्यवसायबंधूंनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे शास्त्र हाताशी असताना एच.आय.व्ही.च्या बाबतीत अडचण कोठे आली? अडचण आली नावात. १९८५ च्या मार्चमध्ये ह्या विषाणूची रक्तचाचणी निघाली. त्यापूर्वी मोजले जात होते ते रोगाने जर्जर झालेले. आता वरून निरोगी दिसणाऱ्या माणसाचे रक्तही बोलू लागले. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने अशा माणसांची नावे आरोग्यखात्यास कळविण्याचा नियम केला. लगेच तक्रार उठली, आणि ती खोटी नव्हती. ज्याचे नाव ह्या यादीत आहे त्याची नोकरी जाते, घरमालक बिऱ्हाड रिकामे करवितो, विमा कंपनी दार लावून घेते, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. आपल्याकडे ‘रोगसर्वेक्षण’ असा सौम्य शब्द आहे; ह्याच कामाला आम्ही ‘पाळत’ म्हटले तर त्यातून चौकीचा वास येतो. त्या याद्यांकडे पाहताना त्या लोकांच्या मनात हा दुसराच शब्द होता. नावे मागाल तर माणसे तपासणीसच येणार नाहीत, मग तुमची वही शुद्ध राहून उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता.

म्हणून काही राज्यांनी मधला मार्ग काढला. नाव नको, संकेतांक घ्या. १९९४ साली मेरीलँड आणि टेक्सास ह्या राज्यांनी असे संकेतांक सुरू केले. सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार अंक, जन्मतारीख, वंश आणि लिंग मिळून एक लांब आकडा करावयाचा आणि तोच माणसाचे नाव समजावयाचा. कल्पना इतकी निर्दोष दिसते की प्रथमदर्शनी कोणीही तिच्या बाजूने उभा राहील. परंतु वैद्याच्या दवाखान्यात बसून जो हा आकडा भरतो त्याचा विचार तीत केलेला नव्हता. रोग्यास आपला सुरक्षा क्रमांक पाठ नसतो, किंवा तो देण्याची इच्छा नसते. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर तर तो कधी लिहिलेलाच नसतो. १९९८ च्या आरंभी केंद्राने ह्या दोन राज्यांच्या अनुभवाचा अहवाल छापला तेव्हा असे दिसले की कित्येक संकेतांक अर्धवट आहेत, आणि अर्धवट संकेतांक जुळतही नाही व कोणाचा आहे हे विचारताही येत नाही. नावात चूक झाली तर नावाचा माणूस सापडतो. आकड्यात चूक झाली तर तो आकडा कोणाचाच राहत नाही. टेक्सासने १९९९ मध्ये संकेतांक सोडून नावाची कास धरली. मेरीलँड मात्र आणखी कित्येक वर्षे आपल्या पद्धतीस चिकटून राहिले.

ह्या वादाचा निकाल अखेर तत्त्वाने लागला नाही, पैशाने लागला. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट हा हिमोफिलियाचा रोगी मुलगा. रक्तापासून केलेल्या औषधातून त्यास लागण झाली, शाळेने त्यास दार बंद केले, आणि १९९० साली तो वारला. त्याच्या नावाच्या कायद्याने राज्यांस उपचारासाठी मिळणारे केंद्रीय अनुदान रोग्यांच्या संख्येवर अवलंबून असे. २००६ मध्ये तो कायदा सुधारला तेव्हा केवळ एड्सचे नव्हे तर एच.आय.व्ही.चे सर्व रोगी हिशेबात धरावयाचे ठरले; आणि ज्या वहीत दुबार नोंदी काढता येत नाहीत त्या वहीवरून पैसे वाटण्यास केंद्र तयार नव्हते. कॅलिफोर्नियाने २००२ च्या जुलैत सुरू केलेली संकेतांकाची पद्धत १७ एप्रिल २००६ रोजी मोडली व नावे घ्यावयास प्रारंभ केला. ज्यांची संकेतांकाने नोंद झाली होती त्यांची नावानिशी नोंद पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. २००८ च्या एप्रिलपर्यंत पन्नासही राज्ये नावावर आली. ती नावे राज्याच्या कुलपातच राहतात. वर केंद्राकडे जाते ते साउंडेक्स बिरूद आणि जन्मतारीख.

आमचे मत विचाराल तर नाव घेण्याचा निर्णय योग्य झाला, परंतु नावाचे भय बाळगणारे वेडे नव्हते. त्यांनी वीस वर्षे धरणे धरले म्हणूनच कुलूप बसले. राज्यांनी आपखुशीने एवढी मजबूत कुलपे बसविली असती असे, कचेऱ्यांचा आम्हांस जो अनुभव आहे त्यावरून, आम्हांस वाटत नाही.

आता दुबार नोंदी प्रत्यक्षात कशा काढीत ते पाहू. आम्हांस स्वतःस हा भाग सर्वांत मनोरंजक वाटला. २००४ पासून केंद्र वर्षातून दोनदा सर्व राज्यांची बिरुदे, जन्मतारखा व लिंग एकमेकांशी ताडून संशयित जोड्यांची यादी काढू लागले. ही यादी ज्या त्या दोन राज्यांकडे जाई. मग एका राज्याच्या कचेरीतील नोंदणीकार दुसऱ्या राज्याच्या नोंदणीकारास दूरध्वनी करी. दार लावून घेऊन, आपण कोणाशी बोलत आहो ह्याची खात्री करून, दोघे एकेक ओळ वाचीत. तुमच्याकडे ह्या तारखेचा ह्या बिरुदाचा जो इसम आहे त्याचे पहिले नाव काय? मधले काय? आमच्याकडेही तेच; मग निदानाच्या वेळी तो राहत कोठे होता? ज्या राज्यात राहत असता निदान झाले त्याच्या हिशेबात तो माणूस धरावयाचा. एवढ्या थोर संगणकांच्या देशात ह्या रोगाची राष्ट्रीय संख्या शुद्ध होत होती ती दोन कारकुनांच्या हळू आवाजातील संभाषणाने. अशी शेकडो संभाषणे, यादीमागून यादी. आणि यादी संपते तोवर माणसे पुन्हा हललेली असतात.

ह्या हलण्याचा जाच सर्वांत अधिक कोणास झाला असेल तर वॉशिंग्टन शहरास. आमची दिल्ली ज्यास ठाऊक आहे त्यास वॉशिंग्टनची रचना समजावून सांगावी लागत नाही. घर नोयडात, नोकरी दिल्लीत, सासुरवाडी गुडगावात. तीन राज्यकारभार आणि एकच शहर. तेथे राजधानीचा जिल्हा, मेरीलँड आणि व्हर्जिनिया अशा तीन नोंदवह्या एकमेकींस खेटून आहेत, आणि एकट्या राजधानीत शेकडा दोनांहून अधिक रहिवासी ह्या विषाणूसह जगत होते. मनुष्य नदीपलीकडे बिऱ्हाड हलवितो, तेथील दवाखान्यात जातो, औषध नियमित घेतो. आणि अलीकडची वही मात्र त्याच्या नावापुढे ‘उपचार सुटला’ असे लिहिते. मग त्यास शोधण्यासाठी माणूस पाठविला जातो. जो खरोखर उपचार सोडून घरी खंगत पडला आहे त्याच्याकडे जावयाचा वेळ ह्या न हरवलेल्या माणसास शोधण्यात खर्च होतो. दुबार नोंदीची किंमत आकड्यात नसून येथे आहे.

जॉर्जटाउन विद्यापीठातील मंडळींनी ह्यावर एक यंत्र रचले. त्याचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. तिन्ही कचेऱ्यांनी आपापल्या नोंदी कुलूपबंद करून ह्या यंत्रात टाकावयाच्या. यंत्र आतल्या आत त्या ताडून पाहते. त्याच्या पोटात काय चालले आहे हे कोणासही, ते चालविणाऱ्यासही, पाहता येत नाही. म्हणून त्यास ‘काळी पेटी’ म्हणतात. बाहेर येते ते एवढेच की तुमची अमुक क्रमांकाची ओळ आणि त्यांची तमुक क्रमांकाची ओळ ह्यांचा माणूस एकच दिसतो, आणि ह्या सांगण्याची खात्री किती दृढ आहे तेही. सुमारे १ लाख ६१ हजार नोंदींतून अशा २१ हजारांहून अधिक जुळण्या निघाल्या. कारकुनाच्या खुर्चीची मात्र सुटका झाली नाही. कमी खात्रीच्या जुळण्या पुन्हा माणसानेच पाहावयाच्या असतात, आणि ते योग्य आहे; कारण एका माणसाची दोन झाली तर पैसा व श्रम वाया जातात, पण दोन माणसांचे एक केले तर एकाच्या मृत्यूने दुसऱ्याची नस्ती बंद होते. आम्हांस कोणी ह्या दोन चुकांतून एक निवडावयास सांगितले तर आम्ही डोळे मिटून पहिली पत्करू.

आता घराकडे वळतो. आपल्या देशात ह्या विषाणूचा प्रथम शोध १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला ह्यांनी लावला. रक्ताचे नमुने त्यांनी वेल्लूरला तपासून घेतले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. आपण मोजणीसाठी जो मार्ग धरला तो अमेरिकेच्या अगदी उलट. ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवती स्त्रियांचे अन्य तपासणीसाठी घेतलेले उरलेले रक्त घ्यावयाचे, त्यावरील नावाची चिठ्ठी काढून टाकावयाची, आणि मगच विषाणू पाहावयाचा. अशा नमुन्यावरून किती हे कळते, कोण हे कधीच कळत नाही. आणि जेथे नावच नाही तेथे दुबार नोंद शोधण्याचा प्रश्नही नाही. ह्या पद्धतीच्या मर्यादा २००७ साली उघड झाल्या. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीत २००५-०६ मध्ये एक लाखावर लोकांचे रक्त घरोघरी जाऊन तपासले गेले, पाहणीचे दवाखानेही वाढले होते, आणि देशातील लागण झालेल्यांची संख्या ५२ लाखांवरून एकदम २५ लाखांवर आली. लोक बरे झाले नव्हते वा मेलेही नव्हते. अंदाज सुधारला होता.

परंतु दरम्यान १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली होती, आणि तेथून आपणांसही ‘किती’ पुरेसे होईनासे झाले. औषध निनावी माणसास देता येत नाही. ते दरमहा द्यावे लागते, जन्मभर द्यावे लागते, आणि ह्या महिन्यात कोण आला नाही हे कळावे लागते. तेव्हा वही आली, केसपेपर आला, नोंदणी क्रमांक आला, आणि त्यांच्यामागोमाग दुबार नोंदही आली. ओळखीचे कोणी पाहील ह्या भयाने मनुष्य आपल्या जिल्ह्याचे केंद्र टाळून शंभर कोस दूरच्या केंद्रात नाव घालतो. पुढे प्रवास झेपत नाही म्हणून गावच्या केंद्रात नव्याने नाव घालतो, आणि पहिल्या नावाविषयी बोलत नाही. दूरच्या वहीत तो हरवलेला, गावच्या वहीत तो नवा. हा मनुष्य लबाड नाही. त्याने फक्त शेजाऱ्यांपासून आपले घर वाचविले आहे.

अशा माणसास आमच्या मराठी कागदांतून ओळखावयाचे म्हणजे मोठी कसोटी आहे. जन्मतारखेने ओळखू म्हणाल, तर महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि गुरुजी तीच तारीख लिहून टाकीत. आमच्या उत्तरेकडील सहकाऱ्यांची हीच गोष्ट १ जुलैची. फेलेगी-संटरांच्या तागडीत ह्या दोन तारखांचे वजन जवळजवळ शून्य धरावे लागेल. नावाने ओळखू म्हणाल, तर आमच्या स्त्रियांचे लग्नात आडनाव बदलते, बापाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि कित्येक घरांत स्वतःचे नावही बदलते. माहेरच्या केसपेपरवरील आणि सासरच्या केसपेपरवरील स्त्री एकच आहे हे दाखविणारा एकही शब्द मग उरत नाही. शिवाय महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाचे नाव तिथल्या लिपीत व तिथल्या उच्चाराने लिहिले जाते. सांगली-साताऱ्याकडील गलाईवाले सोन्याचांदीच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत. त्यांतील एखाद्याचे आडनाव तमिळ, बंगाली आणि गुरुमुखी अशा तीन कचेऱ्यांतून फिरून परत आले तर ते त्याच्या आईसही ओळखू येणार नाही. आमच्याच परिचयाच्या एका विधवा बाईंचे निवृत्तिवेतन एका कचेरीत दीड वर्ष अडले होते. नवऱ्याच्या सेवापुस्तकात वाघमारे व्हीने होते आणि बँकेच्या पासबुकात डब्ल्यूने. तेथे बाई रोज कचेरीत जाऊन ‘तो हाच’ म्हणून सांगू शकत होत्या. आमच्या विषयातील माणूस ‘तो मीच’ म्हणावयास येत नाही.

२०१७ साली झालेला एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. रोग्याच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास त्याच्या आठव्या कलमाने सर्वसाधारणपणे बंदी आहे, आणि अकराव्या कलमाने अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या सुरक्षित ठेवण्याचे बंधन घातले आहे. कायदा अमलात येण्यापूर्वी आपण औषधाच्या वह्या चौदा वर्षे चालविल्या. अमेरिकेत आधी कुलपासाठी भांडण झाले आणि मग नाव मिळाले. आपल्याकडे गरजेने नाव आधी आले आणि कुलूप नंतर. ह्याचा एक परिणाम असा की आपल्या केंद्रांतून रोग्याचे नाव पुष्कळदा पहिल्या भेटीत खरे पडत नाही. समुपदेशकाची ओळख झाली, दोन-चार महिने औषध लागू पडले, बाहेर काही फुटले नाही ह्याची खात्री पटली, म्हणजे एखाद्या दिवशी मनुष्य खिडकीशी वाकून म्हणतो की माझे नाव जरा दुरुस्त करावयाचे आहे. मग पहिले नाव लाल रेघेने खोडून वर दुसरे लिहिले जाते. अलीकडे ह्या वह्या एका राष्ट्रीय संगणकव्यवस्थेत आल्या आहेत, एका केंद्राने दुसऱ्याकडे रोगी पाठविला तर त्याची नोंदही त्याच्यामागून जाते, आणि एका माणसास देशभर एकच क्रमांक असावा असा हेतू आहे. त्या यंत्रात खोडलेले नाव खाली दिसते की पुसून जाते, हे त्या खिडकीतल्या कारकुनास विचारावयास हवे. कारण दूरच्या केंद्रातील हरवलेला इसम सापडावयाचा तो बहुधा त्या खोडलेल्या नावावरूनच.